एकाच स्फटिकाचं पातं

17 ऑक्टोबर 2025 रोजी नाशिकजवळच्या ओझरला बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए लढाऊ विमानाने झेप घेतली, तेव्हा ऊर भरून आला. पण त्याच्या पोटातलं एफ404 इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं. 2021 मध्ये आपण अशी 99 इंजिनं मागवली आणि त्यातलं पहिलं हाती पडलं मार्च 2025 मध्ये. तेव्हापासून एकच प्रश्न कानावर येतो : मंगळावर यान पाठवणाऱ्या देशाला एक इंजिन जमू नये? एखादं उघडायचं, मापं घ्यायची आणि सुटे भाग हुबेहूब घडवायचे!

रॉकेटचं इंजिन काही मिनिटं जळतं आणि त्याचं काम संपतं. लढाऊ विमानाच्या इंजिनाला हजारो तास टिकायचं असतं. पंप, झडपा, नळ्या मेहनतीने घडवता येतात. घोडं अडतं ते टर्बाइनच्या, म्हणजे जळत्या वायूच्या झोताने फिरणाऱ्या चक्राच्या, पात्यापाशी.

हे पातं जेमतेम बोटाएवढं. आधुनिक इंजिनात त्यावर आदळणारा वायू 1500 अंश सेल्सिअसच्याही वर तापलेला असतो आणि पात्याचा निकेल-मिश्रधातू साधारण 1350 अंशांना वितळतो. म्हणून पातं आतून पोकळ ठेवतात. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरकडून आलेली हवा त्यात खेळवतात आणि बारीक छिद्रांतून बाहेर सोडून पात्यावर हवेचं पांघरूण घालतात. ही हवादेखील पाचेकशे अंश तापलेली असते, पण इथे तीच गार!

उष्णतेएवढाच घातक असतो ताण. मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेणाऱ्या पात्याला काही टनांची ओढ बसते. तापलेला धातू अशा ओढीखाली हळूहळू लांबत जातो आणि तुटायला सुरुवात होते ती कणांच्या सीमेवर. कण म्हणजे काय ते पाहायचं तर कोरी जस्ताची बादली उन्हात धरा. तिच्यावर चकाकणारे वेडेवाकडे तुकडे दिसतात, तो प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्फटिक.

मग सीमाच नको, अख्खं पातं एकाच स्फटिकाचं करू! ही कल्पना मला आजही थक्क करते. निर्वात भट्टीतला सिरॅमिकचा साचा पाण्याने थंड केलेल्या तांब्याच्या तबकडीवर उभा असतो. त्यात वितळलेला धातू ओतला की तळाशी असंख्य स्फटिक उगवतात आणि वर सरसावतात. वाटेत स्क्रूसारखी वळणारी अरुंद नळी लागते, तिच्यातून एकच स्फटिक पार होतो. साचा मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या सावकाश भट्टीबाहेर काढतात आणि तो एकटा स्फटिक पातं भरून टाकतो. नंतर आम्लात बुडवून तपासतात. कुठे वेगळ्या छटेचा ठिपका दिसला, तर तिथे दुसरा स्फटिक शिरलेला असतो. पातं बाद.

आत आणखी एक करामत असते. तीन निकेल अणूंमागे एक ॲल्युमिनियम अणू अशा शिस्तीत रचलेले, अर्ध्या मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढे) घन पात्यात ठासून भरलेले असतात. धातू वाकतो तो अणूंच्या रांगांमधले दोष सरकल्यामुळे. एकटा दोष घनात शिरला तर रचना विस्कटते, म्हणून दोष जोडीने शिरतात. तापमान वाढलं की जोडीचा काही भाग शेजारच्या प्रतलात घसरतो आणि तिथेच अडकून बसतो. त्यामुळे हे घन साधारण 700-800 अंशांपर्यंत तापतील तसे उलट बळकटच होत जातात!

मापं घेऊन यातलं काय हाती लागणार? मिश्रण प्रयोगशाळेत कळेल, पण भट्टी किती वेगाने थंड करायची ते पातं सांगत नाही. आणि जुन्या ग्रंथात विमानविद्या दडली आहे, असं सांगणाऱ्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांचा 1974 चा अहवाल जरूर वाचावा. ‘वैमानिक शास्त्रा’तली विमानं उडूच शकत नाहीत, हे त्यांनी गणिताने दाखवलं आहे.

खरं काम हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेत झालं आहे. तिथल्या तंत्राने घडवलेली एकस्फटिकी 60 पाती डीआरडीओने 2021 मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली.