मांजराची साखर, मांजराच्या घरी

दवाखान्याच्या टेबलावर मांजराची साखर 340 भरते आणि त्याच संध्याकाळी घरच्या पलंगावर 190. मधुमेहाचं निदान नुकतंच झालेलं असतं, घरातले आधीच हबकलेले असतात, त्यात हे दोन आकडे. यंत्र बिघडलं की दवाखान्यात काही चुकलं? बहुतेक वेळा दोन्ही आकडे बरोबर असतात. पिंजऱ्यात बसून, पुण्यातल्या कर्वे रस्त्यावरचे हॉर्न ऐकत, शेजारच्या बाकावरच्या लॅब्राडॉरकडे डोळे लावून तासभर थांबलेलं मांजर घाबरलेलं असतं, आणि घाबरलेल्या मांजराची साखर खरोखरच वाढते.

2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी मांजरांना पाच मिनिटं पाण्याच्या फवाऱ्याखाली धरलं होतं. त्यांची साखर चढली, आणि जी मांजरं सुटण्यासाठी जास्त झटापट करत होती त्यांची जास्त चढली. भीतीने अॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं उसळतात, यकृत आपला साठा रक्तात सोडतं आणि झटापटीत स्नायूंनी तयार केलेल्या लॅक्टेटपासूनही नवी साखर बनते. निरोगी मांजराची साखर एरवी साधारण 70 ते 120 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. दवाखान्यात ती 300 च्या पुढेही जाऊ शकते. म्हणून चांगले पशुवैद्य एका आकड्यावर निदान करत नाहीत. खूप तहान, खूप लघवी, भरपूर खाऊनही घटणारं वजन, कधी मागच्या पायांच्या टाचा टेकवत चालणं, लघवीतली साखर, असं सगळं मिळून पाहतात. शंका उरली तर फ्रुक्टोसामाइन तपासतात. मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी त्यात कळते, त्यामुळे तासाभराच्या भीतीने ते हलत नाही.

खरी अडचण निदानानंतर येते. इन्सुलिनचा डोस भीतीने फुगलेल्या आकड्यावर ठरवला, तर तो घरी शांत झोपलेल्या मांजराला जास्त होतो. मधुमेहात वाढलेली साखर महिनोन्महिने त्रास देते, पण इन्सुलिनने फार उतरलेली साखर एका रात्रीत जीव घेऊ शकते. घरी साखर मोजायला शिकणं मला निदानानंतरचं सगळ्यात तातडीचं काम वाटतं ते यासाठीच.

मांजराचा मधुमेह बराचसा माणसाच्या टाइप 2 सारखा असतो. इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकतात, त्यांच्याभोवती अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं. मधुमेहाच्या संशोधनात पुण्याचं नाव जगभर घेतलं जातं ते केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात चरबी जास्त असते, हे त्यांनी दाखवून दिलं. मांजराच्या बाबतीत मात्र धोका बहुधा डोळ्यांना दिसतो. नसबंदी झालेला, फ्लॅटमध्येच राहणारा, वयस्क आणि जाडजूड बोका हा या आजाराचा नेहमीचा रुग्ण. आपल्याकडे त्याच्या वाटीत दूध-पोळी किंवा दूध-भात असतो, नाहीतर कोरडं खाद्य. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. जेवणानंतर साखरेचा लोंढा आवरायला यकृतात ग्लुकोकायनेज नावाचं जे एन्झाइम लागतं, ते मांजरात जेमतेमच काम करतं. कोरड्या खाद्यातही पिष्टमय पदार्थांचं प्रमाण अनेकदा तीस टक्क्यांच्या वर असतं.

आता मोजण्याबद्दल. लघवीच्या पट्टीवर भागवता येईल का, असं पुष्कळजण विचारतात. खडकवासला धरणाची पातळी ठरावीक खुणेच्या वर गेली की मगच मुठेत पाणी सोडतात, तसं मूत्रपिंडही रक्तातली साखर एका पातळीपर्यंत अडवून धरतं. माणसात ही पातळी सुमारे 180, मांजरात त्याहून बरीच वर, 250 ते 290 च्या आसपास. म्हणजे लघवीत साखर नाही याचा अर्थ रक्तात 200 असेल किंवा 45 सुद्धा असेल. ज्या आकड्याची भीती असते, नेमका तोच या पट्टीवर दिसत नाही. किटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे पदार्थ) तपासायला मात्र लघवीची पट्टी उपयोगी आहे आणि ती घरात असावीच.

रक्त कानातून घ्यायचं. कान उजेडासमोर धरला की बाहेरच्या कडेने जाणारी बारीक शीर दिसते. सुई शिरेत टोचायची नाही. शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत टोचायची. कान गार असेल तर थेंबच येत नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे हा अनुभव हमखास येतो. स्वच्छ मोज्यात कोरडे तांदूळ भरून तो थोडा गरम करायचा, आधी आपल्या मनगटाला लावून पाहायचा आणि मग अर्धा मिनिट कानाला धरायचा. कडेला व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवलं तर रक्त केसांत पसरत नाही, गोल थेंब जमतो. कानाच्या मागे कापसाची घडी धरली की सुई आपल्या बोटात घुसत नाही. लॅन्सेटच्या, म्हणजे थेंब काढायच्या छोट्या टोचणीच्या, सुईचा गेज जितका मोठा तितकी सुई बारीक. सुरुवातीला 28 गेजची सोपी पडते, कानाला सवय झाली की 30 किंवा त्याहून बारीक चालते. थेंब स्ट्रिपच्या टोकाला नुसता टेकवायचा, स्ट्रिप तो आपोआप ओढून घेते. मग काही सेकंद कापूस दाबून धरायचा, नाहीतर कान काळानिळा होतो.

चार किलोच्या मांजराच्या अंगात पाव लिटरच्या आसपास रक्त असतं आणि स्ट्रिपला लागतं एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी. रोज दोन-चारदा टोचल्याने अशक्तपणा येत नाही. कानाची कड फारशी संवेदनशील नसते. मांजराला राग येतो तो बहुधा धरून ठेवल्याचा. म्हणून पहिले काही दिवस सुई हातातच घेऊ नये. ठरलेल्या जागी बसवावं, कान चोळावा, उकडलेल्या चिकनचा बिनमिठाचा तुकडा द्यावा आणि सोडून द्यावं. त्या चिकनला कांदा-लसणाचा स्पर्शही नको, त्याने मांजराच्या लाल पेशी फुटतात. सुई आल्यावरही तुकडा तसाच मिळत राहिला, तर बरीच मांजरं मीटरचा आवाज ऐकून आपणहून येऊन बसतात.

मीटर कोणता? औषधांच्या दुकानात मिळतो तो माणसांसाठी बनवलेला असतो. माणसाच्या रक्तातल्या साखरेपैकी सुमारे 58 टक्के प्लाझ्मात आणि 42 टक्के लाल पेशींत असते. मांजरात हे प्रमाण 93 आणि 7 असं आहे. त्यामुळे माणसाचा मीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. प्राण्यांसाठीचे वेगळे मीटर आहेत, पण त्यांच्या स्ट्रिप महाग पडतात आणि नियमित मिळतीलच असं नाही. माणसाच्या मीटरवरही काम नीट चालतं. मात्र कायम एकच मीटर वापरावा, आकडे कुठल्या मीटरचे आहेत ते डॉक्टरांना सांगावं आणि दोन मीटरचे आकडे एकाच वहीत मिसळू नयेत. आणखी एक: आजच्या मानकानुसार 100 च्या वरच्या वाचनात 15 टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे 300 हे प्रत्यक्षात 255 ही असू शकतं आणि 345 ही. सकाळी 310 आणि संध्याकाळी 285 आलं, तर काहीही बदललेलं नाही असंच समजायचं.

म्हणूनच एका आकड्यावर डोस वाढवायचा नसतो. बहुतेक मांजरांना इन्सुलिन बारा तासांच्या अंतराने दोनदा देतात. प्रत्येक इंजेक्शनआधी एकदा साखर पाहायची आणि अधूनमधून एका सुट्टीच्या दिवशी बारा तास दर दोन तासांनी मोजून आलेख काढायचा. साखर कुठपर्यंत उतरली आणि तिथे किती वेळ राहिली, हे त्यातून दिसतं. डॉक्टर पाहतात ते सगळ्यात खालचं टोक; ते साधारण 80 ते 150 मध्ये यावं आणि दिवसाचा बराच भाग 300 च्या खाली जावा, अशी अपेक्षा असते. डोस बदलला की तो स्थिरावायला पाच-सात दिवस द्यावे लागतात. घराजवळ ढोल-ताशा पथकाचा सराव चालू असेल, तर त्या संध्याकाळचा आलेख विश्वासाचा नाही, दुसरा दिवस निवडावा.

कमी आकडा आला तर मात्र वाट पाहायची नाही. इंजेक्शनआधीची साखर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेखाली असेल, किंवा मांजर जेवलं नसेल, तर आधी फोन, मग सुई. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना ही मर्यादा बरेचदा 200 च्या आसपास सांगितली जाते. 60 च्या खाली, किंवा मांजर झोकांड्या खात असेल, थरथरत असेल, शून्यात पाहत असेल तर ताबडतोब खायला द्यावं. खाण्याच्या अवस्थेत नसेल तर मध किंवा साखरेचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळावं, घशात ओतू नये, आणि तडक दवाखाना गाठावा. याउलट, साखर चढलेली, खाणं बंद, उलट्या आणि लघवीत किटोन, हीसुद्धा त्याच दिवशी भरती करण्याची वेळ आहे.

आपल्याकडचा एक खास धोका सिरिंजचा आहे. भारतात माणसांचं बरंचसं इन्सुलिन मिलिलिटरला 40 युनिटच्या बाटलीत येतं, तर मांजरांना अनेकदा दिलं जाणारं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन 100 युनिटचं असतं. 40 च्या सिरिंजला सहसा लाल टोपण, 100 च्या सिरिंजला केशरी. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलं, तर अडीच पट डोस जातो. मांजराचा डोस सुरुवातीला अनेकदा एका युनिटच्या आसपास असतो, त्याला अडीच पट झेपत नाही. दुकानदाराने दुसरी सिरिंज पुढे केली, तर न घेता परत यावं.

बाटली फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नाही. स्ट्रिपना फ्रीज नको. पण एप्रिलच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या किंवा पावसाळ्यात उघड्या झाकणाच्या डबीतल्या स्ट्रिपवर विसंबू नये. उष्णतेने आणि दमटपणाने स्ट्रिपवरचं एन्झाइम खराब होतं. ज्यांना टोचणं जमतच नाही त्यांच्यासाठी माणसांचा, सतत साखर मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर मांजराच्या पाठीवर केस कापून लावता येतो. तो किंमतीने जड आहे, आणि पुष्कळ मांजरं तो मुदतीआधी काढून टाकतात.

मीटर हाताशी नसताना एक गोष्ट अजिबात करू नये, ती म्हणजे इन्सुलिन चालू असताना एकदम आहार बदलणं. दूध-पोळी आणि कोरडं खाद्य थांबवून कमी पिष्टाचं ओलं खाद्य सुरू केलं की इन्सुलिनची गरज काही दिवसांतच घसरू शकते. कालचा योग्य डोस आज जास्त ठरतो. आहार बदलायलाच हवा, पण टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांना सांगून आणि त्या दिवसांत जास्त वेळा मोजून.

एवढा खटाटोप करण्याचं मोठं कारण म्हणजे काही मांजरांचं इन्सुलिन पुढे पूर्ण सुटतं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मालकांनी घरी वारंवार साखर मोजून ग्लार्जिनचा डोस काटेकोरपणे ठरवला होता, सोबत कमी पिष्टाचा आहार होता. त्यातल्या 64 टक्के मांजरांचं इन्सुलिन थांबलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हा काटेकोरपणा सुरू केलेल्यांत हे प्रमाण 84 टक्के होतं, उशिरा सुरू केलेल्यांत 35. वेळेत साखर खाली आली तर थकलेल्या पेशींना उभारी मिळते. इन्सुलिन सुटलेल्या मांजराचा मधुमेह काही वेळा परत येतो, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा कानाचा थेंब पाहणं चालू ठेवावं. पुढे कधी खाज किंवा दम्यासाठी कुणी स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, तर आधी मधुमेह होऊन गेल्याचं सांगावं. स्टिरॉइडने तो पुन्हा उलटू शकतो.