विल की गोइंग टू? जवळ-लांबचा काही संबंध नाहीये

इंग्रजीत पुढचं काही सांगताना "गोइंग टू म्हणजे लवकर होणार, विल म्हणजे नंतर कधीतरी" हे कुठून निघालं देव जाणे, पण आता नोट्समध्ये पण तेच आणि क्लासमध्ये पण तेच. साफ चूक आहे. फोन वाजला की "आय विल गेट इट" म्हणतात आणि दोन सेकंदात उचलतात, तिथे विल. सात वर्षांची पोरगी म्हणते "आय ॲम गोइंग टू बी अ डॉक्टर", त्याला अजून पंधरा-वीस वर्षं आहेत, तिथे गोइंग टू. मग?

स्वतः काही करायचंय असं सांगताना एवढंच बघायचं की हे ठरलं कधी. बोलता बोलता ठरलं तर विल, आधीच ठरलेलं असेल तर गोइंग टू. समजा कुणी म्हणालं प्रिंटरमधला कागद संपलाय. तुम्हाला आत्ताच कळलं तर "ओह, आय विल गेट सम". पण तुम्हाला माहितीच होतं आणि आणायला निघालाच होतात, तर "आय नो, आय ॲम गोइंग टू गेट सम". इथे विल टाकलंत तर समोरच्याला वाटणार की याला आत्ता सुचलं. इंटरव्ह्यूत पुढचा प्लॅन विचारल्यावर "आय विल डू अ कोर्स" म्हटलं की तिथल्या तिथे ठोकून दिल्यासारखं वाटतं ते यामुळेच. आणि हा फरक आपण मराठीत रोज पाळतो हो, "थांब, मी आणतो" वेगळं आणि "मी आणणारच आहे" वेगळं, फक्त "मी आणतो"चं सरळ इंग्रजी करायला गेलं की "आय ॲम ब्रिंगिंग" बाहेर पडतं, तिथे विल हवं असतं.

अंदाज बांधताना, माणूस शिडीवर आहे आणि शिडी कललेली डोळ्यांना दिसतेय तर "ही इज गोइंग टू फॉल", नुसतं आपलं मत असेल तर "आय थिंक दे विल विन". इथे बऱ्याचदा दोन्ही चालतं, उगाच भांडू नका.

बाकी किरकोळ. टाइमटेबलला साधा वर्तमानकाळ, "द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स". अपॉइंटमेंट घेऊन ठेवलीये तर "आय ॲम सीइंग द डेंटिस्ट ऑन मंडे". शॅल फक्त "शॅल आय ओपन द विंडो?" असं विचारण्यापुरतं ठेवा, आय-वी ला शॅल आणि बाकीच्यांना विल हा तक्ता पोरांकडून घोकून घेणं बंद करा प्लीज. आणि पाऊस आला तर म्हणायचंय तर "इफ इट रेन्स", "इफ इट विल रेन" वाचलं की माझं डोकंच फिरतं.