गुळाने शिसं उतरत नाही

जालन्यापासून लातूरपर्यंत, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिशाच्या प्लेटी वितळवणाऱ्या कामगाराला एक सल्ला हमखास मिळतो: संध्याकाळी गुळाचा खडा खा, वर ग्लासभर दूध पी, सगळं साफ होतं. होत नाही. गूळ अन्ननलिकेतून जातो, शिशाची वाफ श्वासनलिकेतून. दोन्ही वाटा घशातच वेगळ्या होतात.

शिकागोच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन (१८६९–१९७०) यांनी १९१० मध्ये इलिनॉय राज्यासाठी शिशाच्या कारखान्यांची पाहणी सुरू केली, तेव्हा मालकांचं म्हणणं ठरलेलं होतं: कामगार हात न धुता जेवतात, म्हणून विषबाधा होते. हॅमिल्टन भट्ट्यांपाशी गेल्या, दवाखान्यांच्या नोंदी चाळल्या, कामगारांच्या घरी जाऊन विचारपूस केली. खरा दोष हवेतल्या धुळीचा आणि धुराचा निघाला. १९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना अध्यापक नेमलं, तिथल्या पहिल्या महिला अध्यापक त्याच. मात्र प्राध्यापकांच्या क्लबात यायचं नाही आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही, अशा अटी घातल्या.

आता शिशाची करामत बघा. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. कढई त्याहून बरीच तापली की धूर सुटतो. त्याचे कण एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) बारीक असतात. तोंडाला बांधलेलं उपरणं त्यांना थोपवू शकत नाही. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशापैकी साधारण १० टक्केच रक्तात जातं, फुप्फुसात खोलवर पोचलेलं मात्र जवळजवळ सगळं.

रक्तात गेल्यावर ते हिमोग्लोबिनच्या कारखान्यात शिरतं. एएलए हा तिथला कच्चा माल. त्याचे दोन रेणू जोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) जस्ताचा एक अणू लागतो. तो गंधकाच्या तीन हातांनी धरलेला असतो. शिशाला गंधकाची ओढ जास्त, म्हणून ते जस्ताला उठवून त्याची जागा बळकावतं. जोडणी थांबते, एएलए साचतं. शेवटच्या पायरीवर हिमोग्लोबिनच्या गाभ्यातल्या, पोर्फिरिन नावाच्या कड्यात लोह बसवणारं विकरही अडतं आणि तिथे लोहाऐवजी जस्त जाऊन बसतं. याला झिंक प्रोटोपोर्फिरिन म्हणतात. गंमत अशी की साध्या लोहाच्या कमतरतेतही ते वाढतं. त्यामुळे फिकट दिसणाऱ्या कामगाराला लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं जातं, आणि शिशानेच आलेली पोटातली कळ नि मनगटाचा लुळेपणा यांचा उलगडा होत नाही.

निदान पक्कं करायचं तर रक्तातलं शिसंच मोजावं लागतं. नमुना शिरेतून घ्यावा आणि आधी हात साबणाने धुवावा. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळलं तर आकडा फुगतो. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्मं होतं, हाडातलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. म्हणून काम सोडल्यावरही ते झिरपत राहतं.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात, सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत पहिलं नाव शिशाच्या विषबाधेचंच होतं. अंगणातली भट्टी मात्र त्या कायद्याच्या नजरेत येत नव्हती. तिथे धूर ओढून घेणारा पंखा हवा, कोरडा झाडू नको, फरशी ओल्या फडक्याने पुसावी. विडी हात धुतल्यावरच ओढावी. कामाचा शर्ट घरच्या कपड्यांत भिजत घालू नये, कारण लहान मूल गिळलेल्या शिशापैकी जवळपास निम्मं शोषतं.