लाखोळीचं दुखणं: नसांचं वेगळं, हाडांचं वेगळं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडच्या आमच्या गावात धान कापणीला आला की बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ओल असतानाच उभ्या धानात लाखोळी (लाख किंवा खेसारी डाळीचं बी) फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. धान निघून गेला की तेवढ्या ओलीवर निळ्या फुलांनी बांधी भरते. या पद्धतीला उतेरा म्हणतात. कोवळ्या शेंड्यांची भाजी, डाळीचं वरण, भिजवून वाटलेले वडे, असं हे पीक वर्षभर घरात असतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोठीआईनं मला विचारलं, "कारे बाबू, लाखोरीच्या दारीनं हाडं ठिसूर होतेत म्हने?" नातवानं तिला मोबाइलवर वाकड्या कण्याच्या उंदराचं चित्र दाखवलं होतं. तिचे गुडघे आणि पाठ दोन वर्षांपासून दुखतात, त्यामुळे तिला ते पटलं आणि डाळीचा डबा तिनं माळ्यावर टाकून दिला. तिचा प्रश्न रास्त होता. चित्र मात्र दुसऱ्याच झाडाचं बी खाल्लेल्या उंदराचं होतं.

गोंधळ नावातून सुरू होतो. १८७३ साली इटलीतले डॉक्टर अर्नाल्डो कांतानी यांनी लाखोळीच्या गोतातल्या कडधान्यांमुळे येणाऱ्या पांगळेपणाला लॅथिरिझम असं नाव दिलं. लॅथिरस हे वनस्पतींच्या एका मोठ्या प्रजातीचं (जीनसचं) नाव आहे. आपली लाखोळी म्हणजे लॅथिरस सटायव्हस. हिवाळ्यात बंगल्यांच्या कुंपणावर चढवतात ती सुवासिक फुलांची स्वीट पी म्हणजे लॅथिरस ओडोरॅटस. दोघींचं आडनाव एक, विष वेगळं. लाखोळीचं विष नसांना धरतं, त्या आजाराला न्यूरोलॅथिरिझम म्हणतात. स्वीट पीचं विष हाडांना आणि जोडणाऱ्या ऊतींना धरतं, तो ऑस्टिओलॅथिरिझम.

आधी नसांचा आजार पाहू, कारण माणसांची आयुष्यं त्यानं मोडली आहेत. आयुर्वेदात याला कलायखंज म्हणतात. कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचं धान्य, खंज म्हणजे लंगडा. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात त्रिपुट धान्यानं माणूस लंगडा-पांगळा होतो असं म्हटलं आहे. लाखोळीचा तिकोनी दाणा हातात घेतला की हे नाव लगेच समजतं. ठगांच्या बंदोबस्तामुळे माहीत असलेले इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी मध्य प्रदेशातल्या सागर भागाची हकीकत लिहून ठेवली आहे. तिथे गव्हाची पिकं लागोपाठ बुडाली, टिकली ती एवढी डाळ, आणि १८३३ च्या सुमारास तरणीताठी माणसं कंबरेखाली लुळी पडू लागली. पुढे रीवा भागात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळायचं, आणि हा आजार त्यांच्याच घरांत जास्त दिसला. दुसऱ्या महायुद्धात आजच्या युक्रेनमधल्या वाप्न्यार्का इथल्या छावणीत ज्यू कैद्यांना जनावरांची लाखोळी खायला घातली, तेव्हा शेकडो कैद्यांचे पाय गेले. तिथेच कैदेत असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखलं.

हा आजार बहुधा अचानक येतो, पुष्कळदा अंगमेहनतीच्या दिवसांत. आधी पिंढऱ्या जड होतात, मग पाय ताठतात. टाच टेकत नाही, माणूस चवड्यांवर चालतो आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. पुढे एक काठी लागते, मग दोन, आणि काही जण हातांवर सरपटू लागतात. बुद्धी, वाचा आणि स्पर्शाची जाणीव शाबूत राहते. मला हे सगळ्यात क्रूर वाटतं. माणसाला सारं समजतं, चालता तेवढं येत नाही. खाणं थांबवलं की आजार सहसा पुढे वाढत नाही, पण गेलेली ताकद परत येत नाही.

कारण सापडलं ते आपल्या देशात. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, आदिगा आणि सरमा यांनी लाखोळीच्या दाण्यातून बीटा-ओडॅप हा पदार्थ वेगळा केला. त्याच वर्षी दिल्लीतल्या संशोधकांनीही तो मिळवला. मेंदूतल्या पेशी ग्लुटामेट नावाच्या रसायनानं एकमेकींना निरोप देतात. ओडॅपची घडण त्याच्यासारखीच असल्यामुळे ते पेशीवरची तीच कळ दाबतं, आणि दाबून ठेवतं. विहिरीवरची मोटार रात्रभर सुरू राहिली तर जळते, तशी ती पेशी जळते. मेंदूपासून पाठकण्यातून पायांकडे जाणाऱ्या लांब तारा त्यात पहिल्या जातात.

मात्र हे कळायला इतका उशीर का लागला? एक मोठं कारण उंदीर. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांना लाखोळी खाऊ घातली तर ते लंगडत नाहीत. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन इथल्या संशोधकांनी उंदरांना स्वीट पीचं बी दिलं, तेव्हा त्यांची हाडं वाकली. त्यांनीही त्याला लॅथिरिझमच म्हटलं. मग वीस वर्षं बरंच संशोधन या उंदरांमागे गेलं. १९५४ मध्ये स्वीट पीतलं विष हाती लागलं, त्याचं नाव बीएपीएन. माणसाच्या पांगळेपणाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं. शेवटी कॅनडातले शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९५७ मध्ये नसांचा आणि हाडांचा असे दोन आजार नावानिशी वेगळे मांडले. आपल्या ओडॅपची पारख नंतर कोंबडीच्या पिल्लांवर झाली. ओडॅप टोचल्यावर पिल्लांना झटके आले आणि माना मागे ताणल्या गेल्या.

आता हाडांचं. आपली हाडं, कंडरा, कातडी, रक्तवाहिन्यांच्या भिंती हे सारं कोलॅजेनच्या धाग्यांनी विणलेलं असतं. नुसते धागे पुरत नाहीत, ते एकमेकांना बांधावे लागतात. हे काम लायसिल ऑक्सिडेज नावाचं एंझाइम करतं, त्याला तांबं लागतं. बीएपीएन हे एंझाइम बंद पाडतं. बाज विणली पण दोरीला गाठच मारली नाही, तर बसताक्षणी जसा झोळ पडतो, तसं वाढत्या उंदराचं हाड वाकतं. १९५२ साली अमेरिकेतल्या आयोवात इग्नासिओ पोन्सेटी आणि बेअर्ड यांनी असे उंदीर पाहिले तेव्हा कण्याच्या वाकण्याबरोबर महाधमनीही (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) चिरलेली आढळली. जन्मतः पाऊल वळलेल्या बाळांना टप्प्याटप्प्यानं प्लास्टर घालून सरळ करतात ती पद्धत याच पोन्सेटींची. महाधमनी फुगण्याच्या काही घराण्यांतल्या आजारात याच एंझाइमच्या जनुकात दोष असतो, हे २०१६ मध्ये दिसलं. म्हणजे त्या उंदरांचं संशोधन वाया गेलं नाही. त्यातून आपल्याला ऊती कशा बांधल्या जातात ते समजलं.

स्वीट पी कुणी जेवणात खात नाही. म्हणून हाडांचा हा आजार मुख्यतः जनावरांतच पाहिला गेला. एक अपवाद मी लपवणार नाही, कारण आपल्याकडे कोवळे शेंडे खातात. १९९७ साली बांगलादेशातल्या काही पांगळ्या रुग्णांत कण्याची आणि कमरेची हाडं नीट जुळलेली नसल्याचं आढळलं. संशोधकांचा रोख लाखोळीच्या कोवळ्या रोपांकडे होता, कारण रोपात बीएपीएनच्या जवळचा एक पदार्थ असतो. पण त्या माणसांनी पांगळं होण्याइतकी लाखोळी खाल्ली होती. कधीमधी वाटीभर भाजी खाणं वेगळं.

डाळीचं गणितही असंच आहे. जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा जास्त लाखोळी, सलग दोन-तीन महिने, आणि सोबत दुसरं धान्य जवळपास नाही, असं झालं की धोका खरा होतो. धान्यातली गंधकयुक्त अमिनो आम्लं थोडं रक्षण करतात, म्हणून भातासोबतचं वरण आणि नुसती लाखोळी यांत मोठं अंतर आहे. डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेकावं. शिजवतानाही भरपूर पाणी घेऊन ओतून द्यावं. ओडॅप पाण्यात विरघळतं, त्यामुळे बरंच निघून जातं. १९६१ साली केंद्रानं विक्रीवर बंदी घातली, तरी बांध्यांतून पीक गेलं नाही. नंतर रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅपचे वाण आले. बियाणं घ्यायचंच तर तेच मागावं. तूरडाळीत आणि बेसनात मिसळून येणारी लाखोळी मला जास्त टोचते. ती खाणाऱ्याला आपण काय खातो याचा पत्ताच नसतो.

मोठीआईचं दुखणं यातल्या कशातच बसत नव्हतं. ती टाच टेकून चालते, पाय ताठलेले नाहीत. पण चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत जमिनीखालच्या पाण्यात ठिकठिकाणी फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही मर्यादा; त्याहून बरंच जास्त फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की कण्याची हाडं जाड होतात, सांधे आखडतात आणि शेवटी मज्जारज्जू दाबला जाऊन पायही ताठू शकतात. बघणाऱ्याला तेही लाखोळीचंच वाटतं.

मी तिला तीन गोष्टी करायला सांगितल्या. वाकून पायाचे अंगठे धर, हनुवटी छातीला लाव, दोन्ही हात डोक्यामागे ने. अंगठ्यांपर्यंत हात गेले नाहीत. हनुवटी चार बोटं वरच राहिली. "पानी कोनतं पितेस?" मी विचारलं.

"बोरिंगचंच त हाय, बाबू. नदीचं कुठून आनू?"

त्याच संध्याकाळी बोरिंगच्या पाण्याची बाटली भरून तपासणीसाठी तालुक्याला पाठवली आणि तिला हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. डाळीचा डबा तिनं माळ्यावरून खाली काढला आहे. भिजवलेलं पाणी आता ती बांधीत ओतते.