पियाझाची बॅट की यादिएरचा ग्लव्ह?

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला बेसबॉलचा कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच वाटतो. तसाच उकिडवा बसलेला, हातात जाडजूड ग्लव्ह, वर तोंडाला जाळी आणि छातीला चिलखत. मग वादही आपल्या ओळखीचाच सुरू होतो : हात चांगले असलेला घ्यायचा की बॅट चालणारा? मुंबईचे नरेन ताम्हाणे २१ कसोटी खेळले, तेही दहाच्या आसपासच्या फलंदाजीच्या सरासरीवर. गिलख्रिस्टनंतर अशा कीपरला संघात घेणं अवघडच. बेसबॉलमध्ये मात्र काटा बराच काळ बॅटकडे झुकलेला होता आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत तो ग्लव्हकडे सरकला, म्हणजे बरोबर उलटा प्रवास.

समोरासमोर ठेवायला माइक पियाझा आणि यादिएर मोलिना यांच्याइतकी चांगली जोडी नाही. पियाझाला १९८८च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू फेरीफेरीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने ६२व्या फेरीत उचललं, जवळजवळ कुणाचा तरी शब्द राखायचा म्हणून. त्याने ४२७ होम रन (आपल्या षटकारासारखे मैदानाबाहेरचे फटके) मारले, त्यातले ३९६ कॅचर म्हणून खेळताना. १९९७मध्ये .३६२ची सरासरी (बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे संधींमागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण) आणि ४० होम रन! गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा वार्षिक पुरस्कार, मात्र एकदाही नाही. प्वेर्तो रिकोचा यादिएर २००४ ते २०२२ सेंट लुइस कार्डिनल्सकडून खेळला, त्याने ९ गोल्ड ग्लव्ह मिळवले आणि १९ हंगामांत १७६ होम रन मारले. बेस चोरू पाहणाऱ्यांपैकी, म्हणजे फटका न लागताच पुढच्या बेसकडे (धावकाच्या थांब्याकडे) पळणाऱ्यांपैकी, सुमारे ४० टक्के धावक त्याने बाद केले, पियाझाने जेमतेम २३ टक्के.

लोकांचा गोंधळ होतो तो या टक्केवारीमुळे. फेक लोकांना दिसते. धावक सुटला, कॅचर उठला, चेंडू दुसऱ्या बेसवर गेला, आऊट किंवा नॉट आऊट. सगळं दोन सेकंदांत, टीव्हीवर स्वच्छ. म्हणून 'कॅचरचा बचाव' म्हणजे त्याची फेक असं समीकरण बसलं. पण चोरीचे प्रयत्न एका सामन्यात होऊन होऊन किती होणार? कॅचरकडे चेंडू मात्र शंभरावर येतात, आणि खरी कमाई तिथे असते.

क्रिकेटमध्ये फलंदाजाने सोडलेला चेंडू कीपरने कितीही देखणा पकडला तरी स्कोअरबुकात एक ठिपकाच पडतो. बेसबॉलमध्ये बॅटरने सोडलेला प्रत्येक चेंडू अंपायरपुढे खटला म्हणून उभा राहतो : स्ट्राइक (ठरलेल्या चौकटीतून गेलेला, बॅटरच्या विरोधात जाणारा) की बॉल (चौकटीबाहेरचा)? चेंडू काठावरचा असेल तर कॅचर तो कसा घेतो यावर निकाल फिरू शकतो. ग्लव्ह झटक्याने बाहेर गेला तर अंपायरला तो बॉल वाटतो. मनगट शांत ठेवून चेंडू अलगद आत घेतला तर तोच स्ट्राइक. याला फ्रेमिंग म्हणतात. लबाडी आहे का? थोडी आहे. पण नियमात बसणारी.

आता हिशोब करू. बॉलचा स्ट्राइक झाला की सरासरी एक अष्टमांश धाव वाचते, असं मानलं जातं. ऐकायला भुरटी रक्कम. पण एखाद्याने दर सामन्याला असा एकच जास्तीचा स्ट्राइक मिळवला आणि तो १२० सामने खेळला, तर १५ धावा झाल्या. होम रनची सरासरी किंमत साधारण १.४ धावा धरतात, म्हणजे हे जवळजवळ अकरा होम रन झाले. बॅटला हातही न लावता! यादिएरचा थोरला भाऊ होसे मोलिना याच जोरावर टिकला. कारकिर्दीची सरासरी .२३३, पळायला मंद, तरी टँपा बे रेज संघाने तिशी सरत आल्यावर त्याला बोलावून घेतलं.

हा हिशोब धरायचा की नाही यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. राखीव दर्जाच्या खेळाडूपेक्षा एखाद्याने किती विजय जास्त मिळवून दिले, हे मोजणाऱ्या दोन मोठ्या साइट्स घ्या. बेसबॉल रेफरन्स यादिएरला सुमारे ४२ विजय देते, फॅनग्राफ्स ५५च्या आसपास. तफावतीचं मोठं कारण फ्रेमिंग : फॅनग्राफ्स ते धरते, बेसबॉल रेफरन्स धरत नाही. आणि गंमत अशी की जुन्या नोंदी उकरून नंतर जे अंदाज बांधले गेले, त्यांत पियाझाची चेंडू घेण्याची कला चांगलीच निघाली. त्याचा हात कमजोर होता, ग्लव्ह नव्हे. आयुष्यभर त्याला 'बचावात ढिला' म्हणणारे फक्त फेक बघत होते.

बॅटच्या बाजूलाही एक चूक नेहमी होते. कॅचरची फलंदाजी इतर कॅचरांशी ताडून बघायची असते, सगळ्या संघाशी नव्हे. रोज उकिडवं बसून गुडघे झिजवणाऱ्यांत बरा बॅटर मुळातच दुर्मीळ. म्हणून फॅनग्राफ्स पूर्ण हंगामासाठी कॅचरला जागेच्या साडेबारा धावा वर देते आणि फर्स्ट बेसवाल्याच्या (पहिल्या बेसपाशी उभ्या क्षेत्ररक्षकाच्या) तेवढ्याच कापते. मिनेसोटा ट्विन्स संघाच्या जो मॉअरने २००६, २००८ आणि २००९ मध्ये कॅचर असताना लीगमधली सर्वोच्च सरासरी काढली. २०१३मध्ये डोक्याला मार बसला आणि तो फर्स्ट बेसवर गेला. बॅटची धार उतरली, हे खरंच. पण ती जशीच्या तशी राहिली असती, तरी नव्या जागेवर तिचा भाव पडलाच असता.

त्यामुळे दोघांतला एक निवडायचा तर मी पियाझा घेईन, पण त्याला कॅचर म्हणूनच खेळवीन. पुढे तो ज्यांच्याकडून खेळला त्या न्यूयॉर्क मेट्सनी २००४मध्ये त्याला फर्स्ट बेसवर उभं करून पाहिलं, आणि तिथे तो पार अवघडलेला दिसला.

फ्रेमिंगचा भाव पुढे किती टिकेल, हा वेगळा प्रश्न. २०२६च्या हंगामापासून प्रत्येक संघाला चुकीच्या स्ट्राइक-बॉलविरुद्ध यंत्राकडे दाद मागता येते, दोन अपिलं चुकेपर्यंत. ही दाद पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटरप्रमाणे कॅचरही मागू शकतो, म्हणजे काठावरचा चेंडू नेमका कुठून गेला हे ओळखणं हेही आता त्याच्याच कामात आलं.