एफओबी, जहाजाचा कठडा आणि कंटेनर : एका संज्ञेची पार्श्वभूमी

1 जानेवारी 2011 पासून लागू झालेल्या इन्कोटर्म्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय विक्री-करारांत वापरल्या जाणाऱ्या संज्ञांच्या सामाईक नियमांच्या, 2010 च्या आवृत्तीत एफओबी (‘फ्री ऑन बोर्ड’) या संज्ञेच्या व्याख्येतून ‘जहाजाचा कठडा’ वगळण्यात आला. तोवर यारीने उचललेला माल कठड्याच्या रेषेपलीकडे गेला की त्याची जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे जात असे. नव्या व्याख्येनुसार ती माल जहाजावर ठेवला गेल्यावर जाते. कागदावर हा फरक दोन-चार शब्दांचाच आहे. तरीही तो होण्यास इतका विलंब का लागला, हे संज्ञेचा इतिहास पाहिल्यावरच कळते.

शिडाच्या जहाजांच्या काळात खरेदीदार अनेकदा स्वतःच जहाज ठरवून बंदरात पाठवी आणि त्याचा माणूस जहाजावर माल ताब्यात घेई. त्यामुळे कठडा ही दोघांच्या ताब्यांमधील डोळ्यांना दिसणारी सीमा होती. संज्ञेतील ‘फ्री’ या शब्दाचा अर्थ फुकट असा नसून, जहाजावर माल पोहोचेपर्यंतच्या खर्चाचा भार खरेदीदारावर नाही असा आहे. नवख्या वाचकाची येथेच पहिली गफलत होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लिश न्यायालयांनी या सौद्यांचा अर्थ खटल्याखटल्यांतून निश्चित केला, परंतु इतर देशांतील व्यापारी त्याच अक्षरांचा निराळा अर्थ लावीत. पॅरिसमधील एका व्यापारी संघटनेने 1923 मध्ये 13 देशांतील सहा प्रचलित संज्ञांची तुलना केली, पुढे ती 30 देशांपर्यंत वाढवली आणि 1936 मध्ये इन्कोटर्म्स या नावाने पहिले सामाईक नियम प्रसिद्ध केले. अमेरिकेने मात्र आपली वाट सोडली नाही. तेथील 1941 च्या व्याख्यांमध्ये एफओबीचे सहा प्रकार होते आणि त्यांपैकी जहाजाशी थेट संबंध असलेला प्रकार एकच होता. अमेरिकी पक्षाशी एफओबी सौदा करताना ‘जहाज’ हा शब्द स्पष्टपणे जोडावा, असा सल्ला जुने निर्यातदार देत, तो याच कारणाने.

कठड्याच्या रेषेची कसोटी लागली ती 1954 च्या एका इंग्लिश निकालात. भारत सरकारने एफओबी अटीवर घेतलेला अग्निशामक बंब लंडनहून मुंबईला जाणाऱ्या जहाजावर चढवला जात असताना, कठडा ओलांडण्यापूर्वीच पडला आणि 966 पौंडांचे नुकसान झाले. विक्रेत्याने भरपाईसाठी जहाजमालकावर दावा लावला, तेव्हा जहाजमालकाने दोष मान्य केला. मात्र समुद्री वाहतुकीच्या नियमांनुसार आपली देयता 200 पौंडांपुरतीच मर्यादित आहे, असे म्हणणे मांडले. हे नियम कठड्यानंतरच सुरू होतात, असा विक्रेत्याचा युक्तिवाद होता. न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि माल चढवणे ही एक सलग क्रिया असून ती काल्पनिक उभ्या रेषेवर मधोमध तोडता येणार नाही, अशी भूमिका घेतली. यारीच्या टोकाला माल झुलत असताना जबाबदारीही त्याच्यासोबत इकडून तिकडे सरकते, हे दृश्य केवळ अतिउत्साही वकिलालाच समाधान देईल, असा त्यांचा शेरा पुढे वारंवार उद्धृत झाला. तथापि हा निकाल वाहतुकीच्या कराराबद्दल होता. विक्रीच्या करारातील जोखमीची रेषा कठड्यावरच राहिली आणि इतक्या स्पष्ट टीकेनंतरही ती अर्धशतकाहून अधिक काळ हलली नाही.

दरम्यान बंदरातील कामाची रीतच पालटली. 26 एप्रिल 1956 रोजी न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालेल्या जहाजावर 58 कंटेनर होते. पुढील दोन दशकांत गाठी, पिंपे आणि पेटारे यांची जागा बहुतांशी अशा बंद पेट्यांनी घेतली. विक्रेता आता माल धक्क्यावर नव्हे, तर जहाज येण्यापूर्वीच वाहतूकदाराच्या आवारात सोपवू लागला. मधल्या दिवसांत पेटी विक्रेत्याच्या ताब्यात नसे, पण एफओबी सौद्यात तिची जोखीम त्याच्याच माथी असे. ही विसंगती दूर करण्यासाठी 1980 च्या आवृत्तीत वाहतूकदाराकडे माल सोपवताच जोखीम संपवणारी संज्ञा आली आणि 1990 मध्ये तिचे आजचे एफसीए (‘फ्री कॅरिअर’) हे व्यापक रूप ठरले. 2000 च्या आवृत्तीत मात्र एफओबीचा कठडा तसाच ठेवण्यात आला.

तरीही कंटेनरच्या सौद्यांत एफओबी लिहिले जातच राहिले. याचे खापर सहसा व्यापाऱ्यांच्या अज्ञानावर फोडले जाते, पण ते पुरते न्याय्य नाही. पतपत्रावर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीवर, पैसे देणारी बँक अनेकदा ‘माल जहाजावर चढला’ अशी नोंद असलेले बिल ऑफ लेडिंग (वाहतूकदाराने मालाबद्दल दिलेला दस्तऐवज) मागते. एफसीएखाली आवारात माल देणाऱ्या विक्रेत्याच्या हाती त्या क्षणी फक्त माल मिळाल्याची पावती असते. म्हणून जोखीम अंगावर घेऊनही तो एफओबी पत्करतो. 2020 च्या आवृत्तीने यावर तोडगा काढला : उभय पक्षांनी तसे ठरवल्यास, माल चढल्यावर विक्रेत्याला अशा नोंदीचे बिल देण्याची सूचना खरेदीदाराने वाहतूकदाराला करावी. हा उपाय ओढूनताणून आणलेला वाटतो, कारण वाहतूकदार विक्रीच्या कराराचा पक्ष नसल्याने ती सूचना पाळण्यास त्या करारामुळे बांधलेला नसतो. त्याच आवृत्तीत डीएटी (टर्मिनलवर पोहोच) या संज्ञेचे डीपीयू (ठरल्या ठिकाणी उतरवून पोहोच) झाले, त्याची चर्चा नामबदलामुळे अधिक झाली. व्यवहाराच्या दृष्टीने एफसीएमधील ही भर जास्त महत्त्वाची होती.

कठडा गेला तरी ‘जहाजावर’ या शब्दाचा वाद पूर्णतः मिटलेला नाही. धान्य किंवा कोळसा यांसारखा सुटा माल जहाजाच्या पोटात पडल्यावर तो सपाट पसरवण्याचा आणि पेट्यांतील माल नीट रचून बांधण्याचा खर्च कोणी करायचा, हे एफओबी ही तीन अक्षरे सांगत नाहीत. त्यामुळे त्यांच्यापुढे ‘रचून’ किंवा ‘पसरवून’ अशा अर्थाची जोड देण्याची जुनी प्रथा आजही चालू आहे. परंतु त्या जोडीने केवळ खर्च सरकतो की जोखीमही, हे करारात वेगळे लिहून ठेवावे लागते.