कानातली बुरशी : धुरीपासून क्लोट्रिमाझोलपर्यंत

पावसाळा लागला की कानाला दडे बसलेले, खाजेने हैराण झालेले रुग्ण कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे वाढू लागतात. कानात पाहिलं तर भिजलेल्या टीपकागदासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. ही बहुधा ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. नुसताच पांढरट थर असेल तर कॅन्डिडा या दुसऱ्या बुरशीचा संशय येतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, 20व्या अध्यायात, 28 कर्णरोग सांगितले आहेत. बुरशी त्यांत वेगळी नाही. सूक्ष्मदर्शकाशिवाय ती वेगळी ओळखणार तरी कशी? आजचे वैद्य तिचा संबंध कर्णकंडू (कानाची खाज), कर्णस्राव (कान वाहणं) आणि कृमिकर्ण (कानात कृमी होणं) यांच्याशी लावतात. कंडूशी तो पटतो. कृमिकर्णाच्या वर्णनात मात्र कानात माशीने पिलावळ घालण्याचा उल्लेख आहे, म्हणजे तिथे अळ्या अभिप्रेत दिसतात. 'कृमिकर्ण म्हणजेच बुरशी' असं सरसकट म्हणणं मला तरी ओढूनताणून वाटतं.

खरं मोलाचं आहे ते पुढच्या अध्यायात. कर्णस्राव, पूतिकर्ण (दुर्गंधी येणारा कान) आणि कृमिकर्ण या तिन्हींना सामाईक उपचार दिले आहेत : शिरोविरेचन, धूपन, पूरण, प्रमार्जन, धावन. म्हणजे नाकात औषध घालून डोक्यातले दोष काढणं, कानाला धुरी देणं, औषध भरणं, पुसून काढणं, धुणं. आणि हे 'वीक्ष्य वीक्ष्य' करावं, दर वेळी कान नीट पाहून. दुर्गंधीवर गुग्गुळाची धुरी उत्तम मानली आहे. कृमींवर मोहरीचं तेल आहे, गोमूत्रातली हरताळही आहे. हरताळ हे आर्सेनिकचं खनिज, तेव्हा पोथी वाचून कोणी घरी प्रयोग करू नये.

घराघरांत यातलं तेवढं पूरण टिकलं. लसूण कडकवून कोमट तेल कानात सोडायचं आणि वर कापसाचा बोळा. पुसणं, धुणं, पाहणं गळून गेलं. बुरशी झालेल्या कानात हे तेल ओल आणि घाण आतच कोंडून ठेवतं.

युरोपात कानातल्या बुरशीची नोंद 1840च्या दशकात झाली. 1867 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या रॉबर्ट व्रेडेन यांनी कानाच्या पडद्यावरच्या ॲस्परजिलसवर सविस्तर लिहिलं. पुढची अनेक दशकं भर होता तो कान साफ करून कोरडा ठेवण्यावर, जोडीला स्पिरिट, बोरिक ॲसिड, जेन्शन व्हायोलेट हे जांभळं जंतुनाशक. 1950 मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या अमेरिकी संशोधक स्त्रियांनी निस्टॅटिन हे बुरशीनाशक जगापुढे आणलं. ते कॅन्डिडावर चांगलं चालतं, ॲस्परजिलसवर तितकं नाही. ती उणीव 1970च्या दशकात वापरात आलेल्या क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशकाने बरीच भरून काढली.

याच काळात प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंबही सर्रास झाले. ते जिवाणू मारतात, स्टिरॉइड स्थानिक प्रतिकारशक्ती दाबतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. मेडिकलमधून परस्पर आणलेले थेंब घालून खाज वाढलेले रुग्ण म्हणूनच दिसतात.

आज डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली, सक्शनने आधी लगदा काढतात आणि मग बुरशीनाशक थेंब देतात, साधारण दोन-तीन आठवडे. शालाक्यतंत्राचे, म्हणजे आयुर्वेदातल्या कान-नाक-डोळ्यांच्या शाखेचे, वैद्य गुग्गुळ, कडुनिंब, हळदीची धुरी देतात. धुरीने कान कोरडा व्हायला मदत होते हे पटण्याजोगं आहे, पण त्यावरचे अभ्यास लहान आहेत. पडद्याला भोक असेल तर तेल नको, स्पिरिट नको, जेन्शन व्हायोलेटही नको, कारण ही द्रव्यं आतल्या कानापर्यंत पोहोचून ऐकू येण्यावर परिणाम करू शकतात.